दरबारी चित्रे आणि देव्हाऱ्यातील छापे

१८८८ साली श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनी राजा रविवर्मा यांना चौदा पौराणिक चित्रे रंगविण्यास सांगितले. १८९० साली ती पूर्ण होऊन बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी आली. ‘नल-दमयंती’, ‘अर्जुन-सुभद्रा’, ‘विश्वामित्र-मेनका’ ही त्यांतलीच.

या चित्रांकडे पाहताना मराठी मनाला रंगभूमीची आठवण व्हावी, हे स्वाभाविकच होय. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० साली पुण्यास रंगले. ‘सौभद्र’ त्यामागून १८८२ साली आले. चित्रातील पात्रे भावाच्या ऐन क्षणी थबकल्यासारखी उभी आहेत. मागचा देखावा रंगविलेल्या पडद्यासारखा पसरलेला आहे. रविवर्म्यांच्या कितीतरी नायिकांचे लुगडे नेसणेही मराठी वळणाचे आहे. तथापि चित्र म्हणजे नाट्यप्रयोगाची नक्कल नव्हे. एकाच काळाच्या अभिरुचीने दोहोंना घडविले, इतकेच म्हणणे न्याय्य ठरेल.

बडोद्याचे माजी दिवाण सर टी. माधवराव यांनी या चित्रांच्या आधीच, १८८४ साली, निवडक चित्रे युरोपात छापवून घेण्याचा सल्ला रविवर्म्यांना दिला होता. पुढे १८९४ साली मुंबईस त्यांचा स्वतःचा शिळाछापखाना निघाला. तेथे प्रत्येक रंगासाठी निराळी शिळा लागे आणि तिच्यावर रेखन करणारा हातही दुसऱ्याचा असे. छापखाना नंतर मळवलीस गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. दरबारातील चित्र आता गरिबाच्या देव्हाऱ्यात पोहोचले. परंतु चित्रकाराचा हात त्यातून निसटला.

येथे जपानचे उदाहरण बोधप्रद आहे. काबुकी नटांची छापचित्रे तेथे जुनीच. त्यांतही पूर्वी रेखणारा, कोरणारा व छापणारा हे वेगवेगळे असत. विसाव्या शतकात मोरी योशितोशी (१८९८–१९९२) यांनी कापड रंगविण्याच्या धंद्यातून येऊन कोरलेल्या कागदी साच्याने काबुकीची पात्रे छापली. जाड कागदात आकृती कोरावयाची आणि त्या साच्यातून ती छापाच्या कागदावर उमटवावयाची, अशी ही रीत. साच्याच्या अटीमुळेच तेथे रेषा ठसठशीत व पात्र जोमदार झाले.

मग आमचे छापे हीन ठरवून अडगळीत टाकावे काय? तसे करणे घातक होईल. त्या काळच्या रंगभूमीचा आवाज आणि हालचाल काळाच्या उदरात गेली; वेष, अभिनिवेश व देखावा यांविषयीच्या तिच्या कल्पनांची साक्ष या कागदांवर अंशतः उरली आहे. मळवलीचा कारखाना १९७२ साली आगीत भस्मसात झाला. मूळ चित्रे बडोद्याच्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात जतन झाली आहेत. छाप्यांची जपणूक मात्र घराघरांवर अवलंबून आहे. वर्गात ‘सौभद्र’ शिकविणाऱ्याने जुन्या घरातील सुभद्रेचा छापा विद्यार्थ्यांपुढे ठेवावा. नाट्येतिहासाचे एक पान त्यातून उलगडेल.