वर्धा खोऱ्यातील कापूस-वसाहत

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वर्धा नदीच्या पूर्वतीरावरील काळ्या कसदार मुलखात कापूस, आगगाडी आणि मालगुजारी बंदोबस्त यांच्या योगाने जी नवी वस्ती व बाजारपेठ उभी राहिली, तिला ही संज्ञा देता येईल. १८५४ साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर हा मुलूख इंग्रजी अमलाखाली आला, आणि १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून तोडून वर्धा जिल्हा निर्माण करण्यात आला. त्याच साली अमेरिकेत होमस्टेड कायदा संमत होऊन, पश्चिमेकडील जमीन पाच वर्षे कसणाऱ्यास १६० एकरांपर्यंत जवळजवळ फुकट मिळू लागली. या कायद्यास अडवून धरणारे दक्षिणेकडील प्रतिनिधी यादवी युद्धामुळे सभागृहाबाहेर गेले म्हणूनच तो संमत झाला, आणि त्याच युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकन कापूस तुटून हिंगणघाटच्या बारीक व मऊ धाग्याच्या ‘बनी’ कापसास अपूर्व भाव आला. तेव्हा मिसिसिपीपलीकडचा वसाहतकरी आणि हिंगणघाटचा कुणबी हे एकमेकांस सर्वस्वी अनोळखी असूनही एकाच घडामोडीचे लाभार्थी ठरले.

आगगाडीपूर्वी या भागातील कापूस लमाणांच्या तांड्यांतून, बैलाच्या पाठीवर दुतर्फा गोण्या लादून, गंगाकाठच्या मिर्झापुरापर्यंत जात असे. वाटेत वळवाने गाठले की कापूस पाणी पिऊन इतका जड होई की बसलेला बैल उठेनासा होई, आणि उरलासुरला माल धुळीने मळून बाजारात पोचे. पुलगावाजवळ नदी ओलांडून लोहमार्ग १८६७ मध्ये नागपुरास पोचला आणि तांड्यांची ही वाहतूक हळूहळू मोडत गेली. पुढे वर्ध्याहून हिंगणघाट व वरोऱ्याकडे फाटा निघाला. जिल्ह्याचे ठाणे प्रथम कवठ्यास होते. १८६६ साली पालकवाडी या खेड्याच्या जागेवर नवे वर्धा शहर आखण्यात आले. आर्वी व हिंगणघाट येथील पेठांत मारवाडी सावकार व अडत्ये स्थिरावले, आणि शतकाच्या अखेरीस पुलगाव व हिंगणघाट येथे कापडगिरण्याही चालू झाल्या. भाववाढीच्या लोभाने बनीत हलका कापूस मिसळण्याची खोड बळावली, तिला आळा घालून शुद्ध बियाणे पसरविण्याची खटपट कापूस-आयुक्त रिव्हेट-कार्नॅक याने केली. युद्ध संपताच अमेरिकन माल पुन्हा येऊ लागला व भाव कोसळले, तरी कापसाचा पेरा टिकून राहिला.

अमेरिकेशी साम्य येथे संपते. तेथे निदान कायद्याच्या अक्षरात कसणारा मालक होता; येथे १८६० च्या दशकातील बंदोबस्ताने गावाचा मालकी हक्क मालगुजारास बहाल केला, आणि झुडपे तोडून, मुळ्या खणून, वखर चालवून पडीत उठीत आणणारा रयत त्याचे कूळ राहिला. सरकारी दप्तरात ‘पडीत’ म्हणून नोंदलेली भूमी बहुधा कोणाची तरी चराई असे; गोंडांचा या मुलखाशी असलेला प्राचीन संबंध जमाबंदीच्या रकान्यांत मावला नाही, आणि याबाबतीत दोन्ही खंडांतील कारकुनांची लेखणी सारखीच कोरडी होती. नदीपलीकडे वऱ्हाडातील यवतमाळ भागात तर ओसाड गावे मुदतीच्या इजाऱ्याने देऊन इजारदाराकरवी वस्ती करविण्यात आली. ‘पायोनियर’ या शब्दाभोवतीचे तेज अशा इजारदारास लाभले नाही, आणि ते लाभावयास नकोही होते, कारण नांगर त्याच्या हाती नव्हता. वर्ध्याकडे तत्कालीन मध्यप्रदेश सरकारच्या १९५० च्या कायद्यान्वये मालगुजारी हक्क १९५१ साली नष्ट झाले.