सुरगाणा बाद!

शनिवारच्या जपानी क्लासात शेवटची पंधरा मिनिटं शिरितोरी असते. म्हणजे आपल्या भेंड्याच, पण गाण्यांच्या नाही, शब्दांच्या. 'शिरि' म्हणजे बूड, 'तोरि' म्हणजे पकडणं :) समोरच्याच्या शब्दाचं बूड पकडून पुढचा शब्द सांगायचा. फक्त नामं चालतात, आणि शब्द 'न्' वर संपला की तुम्ही बाद, कारण 'न्' पासून जपानी शब्द सुरूच होत नाही. गंमत बघा, खुद्द जपानचं नाव 'निहोन्'. घेतलंत की बाद!

थोडं येऊ लागल्यावर जाच वाढतो. शेवटची दोन अक्षरं धरा. 'देन्शा' (ट्रेन) वरून 'शा' घ्यायचा की नुसता 'या', हे आधी ठरवा, कारण त्यांच्याकडे 'शा' लिहितात 'शि'ला छोटा 'या' जोडून. यावरून आमच्यात भांडणं होतात.

मला मात्र तो 'न्' छळत होता. म्हणून त्यांचा तक्ता नीट पाहिला: आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचा वाटतो ना? आपलीच बाराखडी! बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू ७३६ साली जपानला पोचला. ७५२ मध्ये नारा इथल्या महाबुद्धाच्या मूर्तीचे नेत्र त्याच्या हातून उघडले. ८०६ मध्ये कूकाई चीनहून सिद्धम् लिपी शिकून परतला. अशा भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून हा क्रम तिकडे रुजला. 'प'च्या जागी 'हा' दिसतो, कारण तो एके काळी 'प'च होता. 'न्'ला मात्र या घरांत घर नाही. आजही तो बिचारा तक्त्याच्या टोकाला एकटाच उभा असतो.

आता माझं दुखणं. मी सुरगाण्याचा. लहानपणी एसटीत आम्ही गावांच्या भेंड्या खेळायचो. बाकी जग 'ण' आला की 'न' चालवून घेतं. आमचा दादा नाही. "ण दिलास? बाद!" म्हणजे उंबरठाण बाद, सुरगाणा बाद. बोरगाव, बाऱ्हे चालेल, पण स्वतःच्या गावाचं नाव घ्यायची चोरी. मी एकदा रडलोही होतो.

खूप वर्षांनी कळलं की 'ण' पासून शब्द नसतात हेच खरं नाही. मराठीची पूर्वज महाराष्ट्री प्राकृत, तिच्यात 'न'चा सगळीकडे 'ण' होतो, असा वररुचीच्या व्याकरणाचा नियमच आहे. नगराला णअर, नयनाला णअण. हे तेव्हा ठाऊक असतं तर दादाला त्या एसटीतच गप्प केलं असतं! आता तो म्हणतो, "मग खेळ की प्राकृतात."

गेल्या शनिवारी क्लासात विषय होता गावांची नावं. माझ्यावर 'सु' आला. जपानीत 'ण' नाहीच. मी म्हटलं, "सुरुगाना." शेजारची मुलगी क्षणभरही न थांबता म्हणाली, "नारा."