सुजाता चटर्जी
महाश्वेता देवी (१९२६–२०१६) यांच्या ‘हजार चुराशीर मा’ (१९७४) या बंगाली कादंबरीची नायिका. नक्षलवादी चळवळीत मारला गेलेला तिचा मुलगा व्रती शवागाराच्या दफ्तरी १०८४ हा क्रमांक होऊन उरतो, आणि वर्तमानपत्रांत त्याचे नाव येऊ नये म्हणून बाप खटपटीस लागला असता, बँकेत नोकरी करणारी ही प्रौढ माता मात्र त्याची ओळख पटविण्यास जाते. दोन वर्षांनंतरच्या एकाच दिवसात, पोटातील असह्य वेदना सोशीत, व्रतीचा साथीदार सोमू याच्या दरिद्री घरी त्याच्या आईपाशी बसून व पुढे व्रतीची प्रेयसी नंदिनी हिला भेटून, तिला आपला पुत्र प्रथमच उमगतो. प्रणयाच्या आधारावाचून केवळ जाणिवेच्या विकासावर उभी राहिलेली इतकी समर्थ नायिका भारतीय कादंबरीत विरळाच. गोविंद निहलानी यांच्या हिंदी चित्रपटात (१९९८) ही भूमिका जया बच्चन यांनी केली.