पालुपद (संभाषण)

पालुपद म्हणजे बोलताना वाक्याच्या मूळ अर्थात भर न घालता वारंवार येणारा शब्द किंवा शब्दसमूह होय. गीतात पुन्हा पुन्हा म्हटल्या जाणाऱ्या ओळीलाही पालुपद म्हणतात; त्यावरूनच ही संज्ञा बोलण्यातील सवयीच्या शब्दांना लागू झाली. हिंदी-उर्दूत यास ‘तकिया कलाम’ असे म्हणतात. ‘तकिया’ म्हणजे आधार आणि ‘कलाम’ म्हणजे बोलणे.

व्याकरणातील स्थान

शालेय मराठी व्याकरणात अशा शब्दांचा समावेश केवलप्रयोगी अव्ययांत ‘पादपूरणार्थक अव्यये किंवा पालुपदे’ या नावाने केला जातो. बरं का, आपलं, बेटं, म्हणे, कळलं, जळलं मेलं ही त्यांची नेहमीची उदाहरणे आहेत. ही कल्पना जुनी आहे. यास्काच्या निरुक्तात पादपूरणासाठी येणाऱ्या निपातांची चर्चा आहे, तर अमरकोशात तु, हि, च, स्म, ह, वै हे शब्द पादपूरक म्हणून नोंदले आहेत. मात्र तेथे वृत्ताची जागा भरणे अभिप्रेत आहे, तर संभाषणात विचाराला लागणारा वेळ भरून निघतो.

एकच शब्द पालुपद आहे की नाही, हे वाक्यावरून ठरते. उदाहरणार्थ, ‘म्हणजे’ या शब्दाचे तीन उपयोग पुढीलप्रमाणे :

* हापूस म्हणजे आंब्याची एक जात. (स्वरूपबोधक)
* तू आलास म्हणजे निघू. (संकेतबोधक)
* मी, म्हणजे, काल येणारच होतो, म्हणजे... (पालुपद)

कार्ये

पालुपदे अर्थशून्य भासली तरी निरुपयोगी नसतात. ‘अं’, ‘ते हे’ यांमुळे शब्द आठवण्यास अवधी मिळतो आणि आपले बोलणे संपलेले नाही, हे श्रोत्यास कळते. ‘कळलं?’, ‘बरं का’ यांनी श्रोत्याचे लक्ष टिकवले जाते, तर ‘आपलं सहज’ यासारख्या शब्दांनी विधान सौम्य होते. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री यांनी 2002 मध्ये इंग्रजीतील ‘अ’ आणि ‘अम’ या उद्गारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिला उद्गार अल्प आणि दुसरा दीर्घ विलंबाची सूचना देतो, असे त्यांनी मांडले.

मुंबई उपनगरांतील वापर

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या भागांत मराठी, गुजराती, हिंदी व इंग्रजी भाषा शेजारी शेजारी बोलल्या जातात. त्यामुळे येथील मराठी बोलण्यात ‘मतलब’, ‘ॲक्च्युअली’, ‘बेसिकली’, ‘यू नो’ ही पालुपदे सहज मिसळतात. वाक्याच्या अखेरीस मराठीत ‘ना’ येतो, तसा गुजरातीत ‘ने’ येतो. मराठी ‘म्हणजे’चे काम गुजरातीत ‘एटले’ करते.

मुंबईच्या हिंदीतील ‘बोले तो’ हे ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’ (2003) या चित्रपटामुळे सर्वदूर परिचित झाले. त्याची रचना मराठी ‘म्हणजे’शी जुळते, कारण दोन्ही शब्द बोलणे या अर्थाच्या क्रियापदापासून बनले आहेत. तेलुगूतील ‘अंटे’ व कन्नडमधील ‘अंदरे’ हेही याच धर्तीचे आहेत. दख्खनी हिंदीतही ‘बोले तो’ आढळते.

औपचारिक भाषणातील पालुपदे

सभा, सूत्रसंचालन व दूरचित्रवाणीवरील वार्तांकन यांत ‘या ठिकाणी’, ‘खऱ्या अर्थाने’, ‘कुठेतरी’, ‘जे काही’, ‘पाहायला मिळते’ हे शब्दप्रयोग वारंवार येतात. ‘या ठिकाणी मी या ठिकाणच्या नागरिकांचे आभार मानतो’ अशा वाक्यात ठिकाणाचा बोध उरत नाही. ‘जी काही परिस्थिती आहे ती’ याऐवजी ‘परिस्थिती’ एवढे पुरते. संभाषणातील पालुपद विचारास अवधी देते. लिहून आणलेल्या भाषणात मात्र ते कारण उरत नाही.

मूल्यमापन

मुलाखती व वक्तृत्व स्पर्धांत पालुपदांचा अतिरेक हा दोष मानला जातो. 1924 मध्ये स्थापन झालेल्या टोस्टमास्टर्स या वक्तृत्वसंस्थेच्या सभांत असे उद्गार मोजण्यासाठी एका सदस्याची नेमणूक होते. तथापि पालुपदे अज्ञानाचे लक्षण ठरत नाहीत. तोतरेपणा असलेल्या काही व्यक्ती अवघड शब्दाआधी आधार म्हणून त्यांचा उपयोग करतात. दुसऱ्या भाषेत बोलणाऱ्यासही शब्द शोधण्यास अधिक वेळ लागतो. त्यामुळे केवळ पालुपदांच्या संख्येवरून उमेदवाराची योग्यता ठरवल्यास अशा व्यक्तींवर अन्याय होऊ शकतो.

हेही पाहा

* केवलप्रयोगी अव्यय
* उभयान्वयी अव्यय
* मुंबईची हिंदी