तर्जनीचे एकशे सव्वीस रुपये

नरकचतुर्दशीच्या पहाटे आजोबा आम्हां मुलांच्या अंगाला तेल चोळीत, तेव्हा पाठीवरून त्यांच्या उजव्या हाताची चारच बोटे फिरत. तर्जनी १९२७ साली मुंबईच्या एका गिरणीत, सूतखात्यातल्या यंत्राच्या दातेरी चाकांत गेली होती. ‘तिचे एकशे सव्वीस रुपये आले,’ असे ते हसून सांगत आणि आजी तिथून उठून जाई.

हा आकडा आला कुठून, या कुतूहलाने मी पुढे जुने कायदे चाळले. १८८१ च्या कारखाने कायद्याने धोक्याच्या यंत्रांना कठडे घाला, असे मालकांना बजावले होते. पण ज्याचा हात गेला त्याच्या चुलीचे काय, याविषयी तो मुका होता. जर्मनीत १८८४ साली आणि इंग्लंडात १८९७ साली भरपाईचे कायदे झाले. आपल्याकडला कायदा १९२३ चा; तो १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्याचे परिशिष्ट वाचताना खाटकाच्या दुकानातले दरपत्रक वाचतो आहोत असे वाटते. कायमच्या निकामी झालेल्या कामगाराला बेचाळीस महिन्यांचा पगार, फार तर ३५०० रुपये. त्यातले शेकडा ७० उजव्या हाताला, तो कोपरापासून गेला तर, डाव्याला ६०. (डावखुऱ्या माणसाची आठवण कोणाला झाली नसावी!) एका डोळ्याला ३०, अंगठ्याला २५, तर्जनीला १०, इतर बोटाला ५. आजोबांचा पगार तीस रुपये. वाचकांनीच हिशेब मांडावा.

तरी या दरपत्रकाला मी सरसकट नावे ठेवणार नाही. त्यापूर्वी बोटाची किंमत बहुधा बायकोच्या गळ्यातल्या पुतळीतून, नाही तर गावाकडल्या भावाच्या भातातून फिटे. आता ती गिरणीच्या चोपडीत खर्चाच्या बाजूला पडू लागली, आणि अपघात खर्चात धरावा लागला की मालकाला कठडा परवडू लागतो. पण बोटच इतके स्वस्त असेल, तर कठड्याची घाई कोण करील? शिवाय पहिले दहा दिवस काहीच मिळत नसे.

डॉक्टर आणि औषध देणारी राज्य कामगार विमा योजना १९५२ साली कानपूर-दिल्लीत सुरू झाली, मुंबईत १९५४ साली. १९६२ च्या दुरुस्तीने तर्जनी १४ वर गेली, उजवे-डावेही मिटले.

आजी का उठून जाई, हे तिने मला एकदाच सांगितले. गिरणीने आजोबांना यंत्रावर परत घेतले नाही. झाडलोटीला लावले, अठरा रुपयांवर.

‘महिन्याला बारा रुपये कमी,’ ती म्हणाली. ‘दिवाळीला आलेलं बोट पुढच्या दिवाळीआधी संपलं, बाबा.’