हडसनकाठचा रस्ता आणि हार्लेमची वस्ती

१

आपल्याकडे रस्त्याचा प्रश्न हा नेहमीच माणुसकीचा प्रश्न राहिला आहे. १९२४ साली त्रावणकोर संस्थानात वायकोम येथे सत्याग्रह सुरू झाला, तो देवळात जाण्यासाठी नव्हता. देवळाभोवतीच्या सार्वजनिक रस्त्यांवरून चालता यावे, एवढीच मागणी होती. तिथे निदान मनाईची पाटी उभी होती. पाटी डोळ्यांना दिसते, तिच्यासमोर जाऊन उभे राहता येते, ती उखडता येते. पण पाटीच नाही, कायद्याने रस्ता सर्वांना खुला आहे, आणि तरीही तो काहींच्या दारात बाग घेऊन जातो व काहींच्या दारात धूर घेऊन जातो, असे झाले तर? मनाई जर रस्त्याच्या आखणीतच पुरून ठेवलेली असेल तर कार्यकर्त्याने बोट कुठे ठेवायचे?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी न्यूयॉर्क शहरातील हेन्री हडसन पार्कवे हे उदाहरण मी मुद्दाम घेतो आहे. मॅनहॅटन बेटाच्या पश्चिम कडेने, हडसन नदीच्या काठाकाठाने हा रस्ता जातो. या काठापासून हाकेच्या अंतरावर, टेकडीवर, कोलंबिया विद्यापीठ आहे. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब तिथे शिकत होते. तेव्हा हा रस्ता नव्हता. रिव्हरसाइड पार्कचा झाडांनी भरलेला उतार होता, उताराच्या पायथ्याशी न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेचे उघडे रूळ होते, आणि रुळांच्या पलीकडे नदी होती. पुढे ५ जून १९५२ रोजी कोलंबियाने बाबासाहेबांना एलएल. डी. ही सन्मान्य पदवी दिली, तेव्हा या रस्त्यावरून मोटारी धावू लागून पंधरा वर्षे होत आली होती.

ज्यांनी तो बांधला ते रॉबर्ट मोझेसही याच विद्यापीठाचे. १९१४ साली त्यांना तिथे डॉक्टरेट मिळाली. प्रबंधाचा विषय होता ब्रिटनची सनदी सेवा. वरच्या जागा विद्यापीठात शिकलेल्या वर्गाकडे आणि खालच्या कारकुनी जागा इतरांकडे, ही तिथली विभागणी त्यांना पसंत होती. त्यानंतर दोनच वर्षांनी, मे १९१६ मध्ये, त्याच विद्यापीठातील एका चर्चासत्रात बाबासाहेबांनी भारतातील जातींविषयीचा आपला निबंध वाचला. एका गटाने आपले दार लावून घेतले की इतरांना ते बंद सापडते, आणि असे करत करत समाज कप्प्याकप्प्यांत विभागला जातो, हे त्या निबंधाचे एक महत्त्वाचे प्रतिपादन. दोघांची भेट झाली की नाही याला महत्त्व नाही. एकाच आवारात एक तरुण बंद दारांचा उलगडा करीत होता आणि दुसरा कोणाला कोणत्या दाराने आत घ्यायचे याची व्यवस्था लावीत होता, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

२

पार्कवे ही वस्तू आधी समजून घेतली पाहिजे. एकोणिसाव्या शतकात ऑल्मस्टेड आणि व्हॉक्स या उद्यानरचनाकारांनी ब्रुकलिनमध्ये ईस्टर्न पार्कवे आखला, तेव्हा पार्कवे म्हणजे झाडांच्या रांगांमधून जाणारा, घोडागाडीतून फिरायला निघालेल्यांचा रुंद रस्ता होता. मोटारी आल्यावर त्याचे रूप बदलले. १९२५ साली पुरा झालेला ब्राँक्स रिव्हर पार्कवे हा या नव्या रूपाचा पहिला मोठा नमुना. त्याची वैशिष्ट्ये अशी: रस्ता बागेच्या पट्ट्यातून न्यायचा, आडवे येणारे रस्ते पुलावरून किंवा पुलाखालून काढायचे, म्हणजे चौक राहत नाही, शेजारच्या घरमालकाला वा दुकानदाराला त्यावर फाटक उघडण्याचा हक्क द्यायचा नाही, ठराविक अंतरावर ठेवलेल्या मोजक्या जागांवरूनच गाडी आत घ्यायची किंवा बाहेर काढायची, आणि मालवाहू ट्रक व बस यांना प्रवेश द्यायचा नाही.

साध्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी शेकडो दारे असतात. या रस्त्याला मोजकी दारे असतात. ती कुठे ठेवायची हे आखणारा ठरवतो. म्हणून अशा रस्त्याचा इतिहास म्हणजे त्याच्या दारांचा इतिहास होय. शिवाय ज्या रस्त्यावर बस चालत नाही, तो रस्ता ज्याच्याकडे खाजगी मोटार आहे त्याचाच असतो. १९३० नंतरच्या मंदीत हार्लेममधल्या किती कुटुंबांच्या दारी मोटार उभी असेल, हे सांगायला आकडेवारी लागत नाही.

३

मोझेस १९३४ साली न्यूयॉर्क शहराचे उद्यान आयुक्त झाले. त्याच वर्षी ते राज्याच्या गव्हर्नरपदासाठी उभे राहिले आणि पडले. लोकांच्या मतांवर ते कधीच कोणत्या पदावर निवडून आले नाहीत. तरीही १९६८ पर्यंत शहराचे रस्ते, पूल आणि बागा यांवर त्यांचा शब्द चालला. लोकशाहीत निवडून न येता सत्ता कशी चालवता येते याचा हा धडाच आहे. स्वतंत्र प्राधिकरणे स्थापायची, त्यांच्या नावाने कर्जरोखे काढायचे, टोल गोळा करायचा आणि नगरसभेपुढे हात पसरण्याची वेळच येऊ द्यायची नाही.

हेन्री हडसन पार्कवेची आखणी याच पद्धतीने झाली. रस्ता सुमारे ११ मैलांचा. तो ७२ व्या रस्त्यापाशी सुरू होतो, रिव्हरसाइड पार्कमधून उत्तरेला जातो, १२५ व्या रस्त्याच्या खोलगट भागात पोलादी खांबांवर चढतो, हार्लेमच्या कडेने जाऊन जॉर्ज वॉशिंग्टन पुलाखालून निघतो, फोर्ट ट्रायॉन आणि इनवुड हिल या बागांमधून बेटाचे टोक गाठतो, खाडी ओलांडून ब्राँक्समधल्या रिव्हरडेलमध्ये शिरतो आणि व्हॅन कोर्टलंड पार्कमधून शहराची हद्द सोडतो.

या मार्गात किती बागा आल्या ते पाहावे. बागेची जमीन विकत घ्यावी लागत नाही. शिवाय ती जमीन उद्यान आयुक्ताच्याच हाती असते. मंदीच्या काळात बेकारांना काम देण्यासाठी केंद्र सरकारने पैसा व मजूर उपलब्ध करून दिले होते. बागेतला रस्ता हे बागेचेच काम म्हणून दाखवता येत होते. रेल्वे फाटके काढून टाकण्यासाठी राज्याने राखलेला निधीही रूळ झाकण्याच्या कामी वळवता आला. अशा रीतीने अनेक खिशांतून पैसा काढून एक रस्ता उभा राहिला. खाडीवरच्या पुलासाठी सावकारांनी ३१ लाख डॉलर दिले, तेवढ्यात एकच मजला बसत होता. अभियंता डेव्हिड स्टाइनमन यांनी ८०० फूट गाळ्याची पोलादी कमान अशी बांधली की पुढे तिच्यावर दुसरा मजला चढवता यावा. डिसेंबर १९३६ मध्ये पूल खुला झाला. दहा सेंट टोल होता. गर्दी एवढी लोटली की १९३८ मध्येच वरचा मजला बांधावा लागला. सबंध पार्कवे ऑक्टोबर १९३७ मध्ये पुरा झाला.

इनवुड हिल हे मॅनहॅटनमधले उरलेले नैसर्गिक रान. लेनापे आदिवासींच्या वास्तव्याच्या खुणा तिथल्या गुहांत सापडल्या आहेत. रानाला वळसा घालून रस्ता काढावा अशी सूचना नागरिकांनी केली होती. ती मानली गेली नाही. ज्या लोकांचे हे बेट होते त्यांना आधी हुसकावले, आणि त्यांच्या खुणा असलेल्या रानातून मग रस्ता काढला.

४

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. या कामाचा सर्वांत कौतुकाचा भाग म्हणजे रेल्वेचे रूळ झाकणे. ७२ व्या रस्त्यापासून उत्तरेला रुळांवर काँक्रीटचे छप्पर घातले, वर माती पसरली, झाडे लावली. नदीत भराव घालून बाग रुंदावली. १३२ एकर जमीन तयार झाली. वर रिव्हरसाइड ड्राइव्हवर सधन गोऱ्यांच्या इमारती होत्या. त्यांच्या खिडक्यांखालचा धूर, इंजिनांचा खडखडाट, कत्तलखान्याकडे जाणाऱ्या गुरांच्या डब्यांचा वास हे सारे जमिनीखाली गेले.

हे छप्पर १२५ व्या रस्त्याच्या अलीकडेच संपले. तिथून पुढे हार्लेमची बाजू लागते. तिथे रूळ उघडेच राहिले, आणि रुळांच्या पलीकडे नदीकाठी मोटारींचा रस्ता आला. आधी वस्ती आणि नदी यांच्यामध्ये रेल्वे होती, आता रेल्वे आणि रस्ता असे दोन अडथळे झाले.

रॉबर्ट कॅरो यांनी १९७४ साली मोझेस यांचे जे चरित्र प्रसिद्ध केले, 'द पॉवर ब्रोकर', त्यात या कामाचा हिशेब मांडला आहे. भरावाने मिळालेल्या एकशे बत्तीस एकरांतला एकही एकर १२५ ते १५५ व्या रस्त्यांच्या दरम्यान, म्हणजे हार्लेमच्या वाट्याला, आला नाही. सबंध योजनेतल्या १७ क्रीडांगणांपैकी हार्लेमला १ मिळाले. टेनिसची मैदाने २२ झाली, हार्लेमला एकही नाही. आणि जे एक क्रीडांगण दिले, तिथल्या प्रसाधनगृहाच्या लोखंडी जाळीवर माकडांची आकृती होती. इतर ठिकाणच्या जाळ्यांवर लाटांची नक्षी होती.

ही माकडे आपण नीट पाहिली पाहिजेत. कोणत्याही ठरावात, कोणत्याही निविदेत काळ्या लोकांना बाग देऊ नये असे लिहिलेले नव्हते. प्रत्येक निर्णयाला तांत्रिक कारण देता येण्याजोगे होते: निधी संपला, उतार तीव्र आहे, जागा अरुंद आहे. पण सगळी तांत्रिक कारणे एकाच वस्तीपाशी येऊन कशी जमा होतात? ज्याला गावाबाहेरच्या वस्तीचा, वरच्या आणि खालच्या पाणवठ्याचा अनुभव आहे त्याला हे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही.

५

येथे एक सावधगिरीची सूचना देणे आवश्यक वाटते. मोझेस यांच्याविषयी आणखी एक गोष्ट फार प्रसिद्ध आहे. लाँग आयलंडवरच्या पार्कवेंवरील पूल त्यांनी मुद्दाम ठेंगणे ठेवले, म्हणजे बस खालून जाणार नाही आणि गरीब व काळे लोक जोन्स बीचच्या किनाऱ्यावर पोचणार नाहीत, असे कॅरो यांनी मोझेस यांच्याच एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून लिहिले. १९८० साली लँग्डन विनर यांनी वस्तूंनाही राजकारण असते हे दाखवण्यासाठी हेच उदाहरण घेतले आणि ते जगभर गेले. १९९९ मध्ये बर्नवर्ड योर्गेस या जर्मन अभ्यासकांनी आक्षेप घेतला: पार्कवेंवर बस व ट्रक यांना नियमानेच बंदी होती, मग पूल ठेंगणे ठेवण्याची गरज काय? पुढे थॉमस कॅम्पानेला यांनी पुलांच्या उंचीची तुलना केली, तेव्हा सदर्न स्टेट पार्कवेचे पूल त्या काळातल्या इतर पार्कवेंच्या पुलांपेक्षा ठेंगणे निघाले.

वाद चालू द्यावा. चळवळीच्या माणसाने सोयीची गोष्ट पुरावा म्हणून सांगू नये. प्रतिपक्ष तिथेच बोट ठेवतो आणि सबंध गाऱ्हाणे खोटे ठरवतो. पण या वादात एक गोष्ट निसटता कामा नये. पूल ठेंगणा असो की उंच, बस जात नव्हती हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. आक्षेप घेणारे म्हणतात, ते काम नियमाने केले. आरोप करणारे म्हणतात, दगडानेही केले. बसमधल्या माणसाला या मतभेदाचा काय उपयोग? फरक एवढाच, की नियम एका ठरावाने बदलतो, दगड बदलायला पिढ्या जातात.

६

उघड्या राहिलेल्या काठाचे पुढे काय झाले, हेही याच इतिहासाचा भाग आहे. शहराला पश्चिम बाजूसाठी सांडपाणी शुद्धीकरणाचा प्रकल्प हवा होता. तो आधी सत्तराव्या रस्त्यांच्या आसपास, म्हणजे झाकलेल्या, शोभिवंत भागापाशी घाटत होता. शेवटी तो हार्लेमच्या काठाला, १३७ ते १४५ व्या रस्त्यांच्या दरम्यान, आला आणि १९८६ साली चालू झाला. दुर्गंधीने लोक हैराण झाले. जिथे बाग दिली नाही तिथे मैला आणणे सोपे जाते. पहिला अन्याय दुसऱ्याची जागा तयार करून ठेवतो.

आणि तिकडे छपराखाली? १९८० साली त्या बोगद्यातून मालगाड्या बंद झाल्यावर शहराने बेघर केलेली माणसे तिथे राहायला आली. वर बाग, खाली अंधारात माणसे. १९९१ मध्ये उतारूंच्या गाड्या सुरू करायच्या म्हणून त्यांनाही बाहेर काढले.

पण हार्लेमचे लोक गप्प बसले नाहीत. जानेवारी १९८८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीच्या निमित्ताने, पेगी शेपर्ड यांच्यासह सात जणांनी सकाळी सातच्या सुमारास प्रकल्पासमोरच्या या नदीकाठच्या हमरस्त्यावर वाहतूक रोखली आणि अटक करून घेतली. त्याच वर्षी 'वी अ‍ॅक्ट' ही संघटना उभी राहिली. दावा दाखल झाला, तडजोड झाली, आणि वस्तीच्या हातात ११ लाख डॉलरचा निधी आला. प्रकल्पाच्या छपरावर १९९३ साली बागही झाली. साठ वर्षांपूर्वी आखणाऱ्याने जी बाग नाकारली होती, ती मैल्याच्या टाक्यांवर का होईना, द्यावी लागली.

ज्या रस्त्याने त्यांना दार ठेवले नव्हते, त्याच रस्त्यावर ते जाऊन उभे राहिले. वायकोमला माणसे रस्त्यावर चालण्यासाठी झगडली. हार्लेमला माणसांनी रस्ता अडवला. मागणी एकच होती: आमची मोजदाद माणसांत करा.

आपल्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी यातून एक सवय घ्यावी. आपल्या शहरात कुठेही उड्डाणपूल, बाह्यवळण, द्रुतगती मार्ग होणार असे ऐकले, की उद्‌घाटनाचे भाषण ऐकत बसू नये, नकाशा मागावा. चढण्या-उतरण्याच्या जागा कुठे ठेवल्या आहेत? बस जाणार की नाही? झाडे कुठपर्यंत लावली आहेत आणि कोणत्या वस्तीपाशी ती संपतात? पाटी शोधू नये, ती आता कोणी लावत नाही. छप्पर कुठे संपते ते पाहावे.