मंदिराची अग्निपरीक्षा

श्रींच्या कृपेने व ग्रामस्थांच्या अथक परिश्रमाने आपल्या ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार पूर्णत्वास जात आहे. या मंगल प्रसंगी निघणाऱ्या स्मरणिकेत मीही चार शब्द लिहावेत, असा आग्रह संपादक मंडळींनी धरला. मी एस. एस. सी. झालेला, बार्शीच्या कचेरीत कारकुनी करणारा साधा माणूस. देवाच्या महात्म्यावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही. ते काम जाणत्या मंडळींनी केलेच आहे. म्हणून मी माझ्या टेबलावरचाच विषय घेतला आहे.

तालुक्यात कोठे घराला आग लागली, की तलाठ्याने केलेला पंचनामा आमच्याकडे येतो. त्यात पक्के घर, कच्चे घर, झोपडी, गोठा असे रकाने असतात. घर ज्या रकान्यात बसेल त्याप्रमाणे मदत ठरते. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्येही झोपडी किंवा मातीची इमारत, दगड-विटांची मातीतली इमारत, चुन्यातली किंवा सिमेंटमधली इमारत, आर. सी. सी. इमारत, अशी वर्गवारी असते. हे कागद वर्षानुवर्षे हाताळताना एक गोष्ट ध्यानात आली. एकाच गल्लीत, एकाच रात्री, एकाच वाऱ्यात एक घर राख होते आणि शेजारचे नुसते काळवंडून उभे राहते. दैव म्हणून आपण हात जोडतो, पण त्यात बांधणाऱ्याच्या निवडीचाही भाग असतो.

हे सांगण्यास आणखी एक कारण आहे. जीर्णोद्धाराच्या एका बैठकीत जुन्या सागवानी सभामंडपाला आतून प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचे छत करावे, अशी सूचना आली. एका सद्‌गृहस्थांनी त्यासाठी देणगीही जाहीर केली. माल विकणाऱ्याने सर्वांसमक्ष पट्टीला आगकाडी लावली. पट्टी थोडी काळी झाली, काडी दूर करताच विझली. "बघा, हे जळतच नाही," तो म्हणाला. सर्वांनी माना डोलावल्या. मी एकट्याने विरोध केला, पण मला तो नीट मांडता आला नाही आणि काही वडीलधाऱ्यांचे मन दुखावले. त्या दिवशी जे बोलता आले नाही ते आज लिहितो.

आमच्या लहानपणी आमच्या आळीत एकदा कडब्याच्या गंजीला आग लागली. वारा पश्चिमेचा होता. पाचटाची दोन छपरे बघता बघता गेली, दावणीची एक म्हैस गेली. त्या दोन छपरांच्या मध्ये एक माळवदाचे घर होते. त्याची दाराची चौकट जळाली, भिंती काळ्या झाल्या, पण घर राहिले. का राहिले? हात-दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, वर तुळया व कडीपाट, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. वरून ठिणग्यांचा पाऊस पडला तरी तो मातीवर पडत होता. आपल्या पूर्वजांनी कोणतेही पुस्तक न वाचता लाकडाला मातीचे पांघरूण घातले होते.

मात्र या माळवदाचा नुसता अभिमान बाळगणेही योग्य नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा याच जड छपरांखाली व मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली सुमारे ८ हजार माणसे गेली. आगीत तारणारे घर भूकंपात मारक ठरले. तात्पर्य, कोणतेही साहित्य सर्व संकटांत चांगले किंवा सर्व संकटांत वाईट नसते. ते कोणत्या परीक्षेत उतरले, हे विचारावे लागते.

इतिहासात पाहिले तर या परीक्षा आधी मोठमोठ्या शहरांनीच दिल्या. १६६६ साली लंडन शहर जळाले. घरे लाकडाची आणि एकमेकांना खेटून होती. दुसऱ्याच वर्षी तेथे कायदा झाला, की नवीन घरे विटांची किंवा दगडाची बांधावीत. आपल्याकडे १७ फेब्रुवारी १८०३ रोजी मुंबईच्या कोटात मोठी आग लागली व दाट वस्तीचा फार मोठा भाग गेला. त्यानंतर कोटाबाहेर मोकळ्या जागेत वस्ती वाढली. पुण्याचा शनिवारवाडा तर प्रत्येक मराठी माणसाच्या मनातला. १७३० साली पाया घातलेला हा वाडा २७ फेब्रुवारी १८२८ रोजी पेटला आणि आग सात दिवस धुमसत राहिली. आज आपण पुण्यास गेलो की दिल्ली दरवाजा, तटबंदी, बुरूज व चौथरे पाहतो. दगड राहिला, सागवानी दिवाणखाने, छते, कोरीव खांब गेले. काय जळते व काय जळत नाही, याचा तो उघड्यावर मांडलेला हिशेबच म्हणावा लागेल.

परंतु शहर जळाल्यावर शिकणे हा फार महाग धडा झाला. आग लागण्यापूर्वीच साहित्य तपासता येणार नाही काय? हा विचार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोर धरू लागला. १८९७ साली लंडनमध्ये आग प्रतिबंधासाठी एक समिती स्थापन झाली आणि तिने भिंती, दारे, छते प्रत्यक्ष भट्टीत घालून पाहण्यास सुरुवात केली. योगायोग असा, की त्याच १८९७ साली आपल्या बार्शी लाइट रेल्वेची गाडी सुरू झाली. पुढे १९३२ साली ब्रिटनने या चाचण्यांचे प्रमाण ठरवून दिले. आपल्या देशात १९४७ साली भारतीय मानक संस्था निघाली, तिचेच पुढे १९८७ मध्ये भारतीय मानक ब्यूरो झाले. रुरकी येथे केंद्रीय भवन अनुसंधान संस्थाही १९४७ चीच. तेथे आगीवर संशोधन होते. गरिबाचे गवती छप्पर चटकन पेटू नये म्हणून त्यावर द्यावयाच्या मातीच्या गिलाव्याचाही तेथे अभ्यास झाला. विद्वानांनी आपल्या छपराकडे लक्ष दिले, ही समाधानाची गोष्ट होय.

आता या परीक्षा कशा असतात ते थोडक्यात सांगतो. त्या मुख्यतः तीन आहेत आणि प्रत्येकीचा प्रश्न वेगळा आहे.

पहिली परीक्षा : वस्तू मुळात जळते काय? त्यासाठी तिचा लहान तुकडा सुमारे ७५० अंश सेल्सियस तापलेल्या भट्टीत सोडतात. तुकड्याने स्वतःची उष्णता भट्टीत घातली किंवा ज्वाला धरली, तर तो ज्वलनशील. दगड, वीट, माती, चुना, लोखंड या परीक्षेत उतरतात. वीट तर भट्टीतच जन्मते, तिला आगीचे भय ते काय! लाकूड, कापड, प्लॅस्टिक उतरत नाहीत.

दुसरी परीक्षा : जळणारी वस्तू असेल, तर तिच्या पृष्ठभागावरून ज्वाला किती वेगाने धावते? एकाच आगीत जाड तुळई हळूहळू कोळसा होते आणि पडदा क्षणात वरपर्यंत पेटतो. त्यानुसार वर्ग पाडतात.

तिसरी परीक्षा सर्वांत महत्त्वाची : संपूर्ण भिंत, दार किंवा छत आगीत किती वेळ टिकते? येथे तुकडा चालत नाही, सबंध बांधकाम भट्टीच्या तोंडाशी बसवितात, ज्यावर भार यावयाचा त्यावर भारही ठेवतात. भट्टीची उष्णता ठरलेल्या मापाने वाढवितात. अर्ध्या तासात सुमारे ८४० अंश, एका तासात सुमारे ९४५, चार तासांत ११५० च्या वर. मग तीन गोष्टी पाहतात. भार तोलला काय? फट पडून ज्वाला पलीकडे आली काय? आणि पलीकडची बाजू फार तापली काय? फट ओळखण्याची रीत कापसाच्या बार्शीकरांना आवडेल अशी आहे. भेगेजवळ कापसाची लहानशी गादी धरतात. कापूस पेटला, की बांधकाम नापास. कापूस किती सहज पेट घेतो, आणि दाबलेल्या गाठीच्या पोटात विस्तव कसा दडून राहतो, हे जिनिंग-प्रेसिंगच्या गावाला शिकवायला नको.

या परीक्षेतून अर्धा तास, एक तास, दोन तास, चार तास अशा पायऱ्या ठरतात. इमारत कायमची अभेद्य असावी, असा हट्ट येथे नाही. आतली माणसे बाहेर पडेपर्यंत आणि बंब येईपर्यंत ती उभी राहिली पाहिजे. बार्शीहून आपल्या गावी बंब येण्यास लागणारा वेळ मनात धरला, म्हणजे या अर्ध्या-एक तासाची किंमत कळते.

काही निकाल तर आपल्या समजुतीच्या उलट आहेत. लोखंड जळत नाही, पण सुमारे ५५० अंशाला त्याची निम्मी ताकद जाते. उघडी लोखंडी तुळई आगीत वाकते व छत खाली घेते. म्हणूनच सिमेंट काँक्रीटमध्ये सळईवर पुरेसा थर सोडावयाचा असतो. तो थर म्हणजे सळईचे चिलखतच. उलट जाड लाकूड जळत असूनही घाईने दगा देत नाही. तुळईवर कोळशाचा थर जमतो आणि तोच आतल्या गाभ्याचे रक्षण करतो. अर्ध्या तासात एका बाजूने सुमारे दोन सेंटिमीटर लाकूड जाते, बाकीचे भार वाहत राहते. तेव्हा आपल्या सभामंडपाचे जाड सागवानी खांब हा मोठा धोका नव्हे.

१९७० साली राष्ट्रीय इमारत संहिता प्रसिद्ध झाली. १९८३, २००५ व २०१६ मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. तिच्या चौथ्या भागात आगीपासून संरक्षणाचा विचार आहे. त्यात आगीत टिकण्याच्या शक्तीवरून बांधकामाचे चार प्रकार केले आहेत आणि वापरावरून इमारतींचे गट पाडले आहेत. मंदिर हे लोक जमण्याच्या जागेत, म्हणजे सिनेमागृह व सभागृह यांच्याच गटात येते. आपल्याला मंदिर व सिनेमा एका ओळीत पाहून चमत्कारिक वाटेल. पण आग भाविक व प्रेक्षक असा भेद करीत नाही, ती गर्दी व दारे मोजते. आपल्या राज्यानेही २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम केला आहे.

आता त्या आगकाडीकडे वळतो. विक्रेता खोटे बोलला असे मी म्हणत नाही. तसले प्लॅस्टिक काडी दूर करताच विझते, हे खरेच आहे. परंतु आगकाडी म्हणजे भट्टी नव्हे. ते प्लॅस्टिक उकळत्या पाण्याइतक्या उष्णतेच्या आतच मऊ पडून लोंबू लागते, आणि खरी आग मिळाली की त्यातून घशाला झोंबणारा आम्लाचा दाट धूर निघतो. थर्माकोल तर पेटून थेंब थेंब खाली गळतो. आगीत पुष्कळ माणसे ज्वालेने नव्हे, तर धुराने गुदमरून जातात. काकड आरतीच्या वेळी मंडप भरलेला असताना वाट दिसेनाशी झाली, तर म्हाताऱ्या माणसांनी व लेकुरवाळ्या बायांनी कोठे जावे?

दगडी देवळाला कसली आग, असेही कोणी म्हणेल. बार्शीचे श्रीभगवंताचे मंदिर किंवा आपला गाभारा, दगडाला खरोखरच भय थोडे. पण तंजावरचे बृहदीश्वर मंदिर पाहा. हजार वर्षांपूर्वीचे, नखशिखांत दगडाचे. ७ जून १९९७ रोजी तेथे कुंभाभिषेकाचे विधी चालले होते, म्हणजे आपल्यासारखाच मंगल प्रसंग. यज्ञासाठी आवारात उभारलेला गवती छपराचा मंडप पेटला आणि ४० हून अधिक भाविक मृत्युमुखी पडले. त्याच भागात कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेचे गवती छप्पर पेटून ९४ बालके गेली. पहिल्या घटनेत मंदिराच्या दगडाने दगा दिला नाही. त्याच्या अंगणात आपण चार दिवसांसाठी जे उभारले, त्याने दिला.

म्हणून कलशारोहणाच्या मांडवाबाबत माझी नम्र विनंती आहे. अशा तात्पुरत्या मांडवांसाठीही भारतीय मानक आहे, आय. एस. ८७५८. त्याचे सार साधे आहे. कृत्रिम धाग्याचे कापड व दोर वापरू नयेत. विजेच्या तारांखाली मांडव नको. चहूबाजूंनी मोकळी जागा असावी. बाहेर पडण्याच्या वाटा एकाहून अधिक व मोकळ्या असाव्यात. महाप्रसादाच्या चुली व सिलिंडर मांडवापासून दूर असावेत. हाताशी पाणी व वाळूच्या बादल्या असाव्यात. यात फारसा खर्च नाही, फक्त आधी ठरवावे लागते.

सांगण्यास आनंद वाटतो, की पुढील बैठकीत समितीने प्लॅस्टिकच्या छताचा विचार सोडून दिला. जुने कडीपाट खरवडून, तेलपाणी करून तसेच ठेवले. ज्या सद्‌गृहस्थांचे मन दुखावले होते, त्यांनीच आपली देणगी मंदिरातील सर्व वायरिंग नव्याने करण्यासाठी आणि सभामंडपाला उत्तरेकडे बाहेर उघडणारे दुसरे दार बसविण्यासाठी दिली. त्या दारावर त्यांचे नाव कोरावे असे ठरले होते, पण त्यांनी नको म्हटले. मी त्यांची येथे जाहीर क्षमा मागतो व आभारही मानतो.

आमच्या कचेरीतील पंचनाम्याच्या रकान्यात आपल्या मंदिराचे नाव कधी लिहावे लागू नये, आणि उत्तरेचे ते दार केवळ वाऱ्यासाठीच उघडावे, एवढेच मागणे श्रीचरणी करून हा लेख संपवितो. चूकभूल द्यावी घ्यावी.